वीस मिनिटं झाली, सर

४ मार्च, मंगळवार

ही वही सुरू करायचं कारण एकच. मला भीती वाटते आणि ती कुणाला सांगता येत नाही. घरी सांगावी तर घरचे घाबरतील, कामावर सांगावी तर मशीनवरून उठवतील.

काल बुवा निवृत्त झाले. खरं नाव त्यांना स्वतःलाही आठवत नसेल, सगळे बुवाच म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी आमच्या ऑपरेशन थिएटरमधलं हृदय-फुप्फुसाचं मशीन चालवलं. हौशी नाटकांत राजे आणि सेनापती करायचे, आवाज असा की थिएटरमध्ये बोलले तर जिन्यात ऐकू यावं. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली. नळ्या जोडायच्या, तपासायच्या, नोंदी ठेवायच्या. सरांशी, म्हणजे आमच्या सर्जनशी, बोलायचे ते बुवा. आता मशीन माझं आणि बोलायचंही मीच.

माझं काम काय, हे वन्संना एकदा समजावून सांगितलं होतं. तसंच इथे लिहिते, म्हणजे मलाच जरा धीर येईल. हृदयावर शिवणकाम करायचं तर ते थांबवावं लागतं. सर मोठ्या रक्तवाहिनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावतात आणि अंगभर रक्त फिरवायचं काम माझं मशीन करतं. पण क्लॅम्प लागला की खुद्द हृदयालाच रक्त मिळत नाही. म्हणून त्याला गार औषध देऊन झोपवायचं. झोपलेल्याला भूक कमी लागते. ती झोप वीस मिनिटं टिकते, मग पुढचा डोस. उशीर झाला तर हृदय उपाशी राहतं आणि त्याचे स्नायू मरायला लागतात. वाईट हे की ते बोंबलत नाही. क्लॅम्प काढून त्याला उठवेपर्यंत काही कळतच नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू घड्याळ बघत बसतेस. एवढ्यासाठी एवढी शिकलीस?"

घड्याळच बघायचं आहे, वन्सं. त्याचीच भीती आहे.

६ मार्च, गुरुवार

पहिली केस झाली. पेशंट ठीक आहे.

बुवांचा नियम सोपा आहे. आपण म्हणायचं, "वीस मिनिटं झाली, सर." सर म्हणणार "द्या" किंवा "थांबा". त्यांचा शब्द आल्याशिवाय डोस सोडायचा नाही, कारण तिकडची शोषून घेणारी नळी त्यांनी बंद करायला हवी, नाहीतर औषध तिथूनच परत जातं, आणि एखादी वाहिनी उघडी असेल तर औषधाची चिळकांडी थेट त्यांच्या शिवणीवर. म्हणून बोलायचं, उत्तर घ्यायचं, ते पुन्हा म्हणून दाखवायचं, मगच बटणाला हात.

आज मी म्हटलं, "वीस मिनिटं झाली, सर." सर म्हणाले, "हं."

"हं" हे काही बुवांच्या नियमात नाही. मी बटणावर बोट ठेवून बसले. नशीब, समोर उभ्या असलेल्या धाकट्या डॉक्टरांनी मान हलवून खूण केली आणि सरांनी नळी बंद केली. नंतर मोठ्या सिस्टरना विचारलं, "सरांचं हं म्हणजे द्या की थांबा?" त्या हत्यारं मोजत होत्या. म्हणाल्या, "तू त्यांच्या उजव्या बाजूने बोलत जा." मशीन तर डाव्या अंगाला, त्यांच्या पाठीमागे, जमिनीत पक्कं केल्यासारखं. ते उचलून का नेऊ? आणि बाजूंचा एवढा मान ठेवायला ते काय लग्नातले व्याही आहेत?

११ मार्च, मंगळवार

एक माणूस दोन माणसं कसा असतो, हे कळत नाही. थिएटरबाहेरचे सर म्हणजे देवमाणूस. आपण बोलत असताना असं तोंडाकडे टक लावून ऐकतात, जणू जगात दुसरं कुणी बोलतच नाही. परवा कँटीनमध्ये माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली आणि उत्तर सगळं ऐकून घेतलं. आमचे हे गेल्या तेवीस वर्षांत एवढं ऐकले नसतील.

आत गेलं, तोंडाला मास्क लागला, की तेच सर दगड होतात. मी आज केस सुरू व्हायच्या आधी विचारलं, "सर, चहा सांगू?" तर म्हणाले, "नको, उद्या बघू त्याचं." धाकटे डॉक्टर खाली बघून हसले. माझ्याशी बोलायचीही इच्छा नाही, असाच याचा अर्थ. बुवा असताना आत गाणी लागायची, दोघे थट्टा करायचे. मी आले आणि सरांनी गाणी बंद करायला सांगितली. "गोंधळ होतो," म्हणे.

घरी ह्यांना सांगितलं तर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "हं." ह्यांच्या "हं"चा अर्थ मला पाठ आहे. त्याचा अर्थ, एक अक्षर ऐकलेलं नाही. मग मी स्वयंपाकघरातून "अहो!" म्हणून ओरडते, तेव्हा साहेब जमिनीवर येतात. सरांच्या "हं"ची गोष्ट वेगळी. एवढा मोठा माणूस उगीच "हं" म्हणणार नाही. त्यात "ऐकलं, आता गप्प बस" असं काहीतरी असतं.

१७ मार्च, सोमवार

उद्याचे पेशंट चष्म्याचं दुकान चालवतात. आज तपासणीला वॉर्डात गेले तर त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढूनच घेतला. "बाई, स्क्रू ढिला झालाय, कुणाच्या लक्षात कसं येत नाही?" उशाखालून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. ऑपरेशनला येताना माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो! पिळून दिला आणि म्हणाले, "आता नीट दिसेल. उद्या माझ्याकडे नीट बघा म्हणजे झालं."

त्यांच्या पाठीशी उभी असलेली बायको हसली. मीही हसले.

१८ मार्च, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर मी उद्या स्वतःशीच खोटं बोलेन.

दुसऱ्या डोसनंतर वीस मिनिटं झाली. मी सांगितलं. सर म्हणाले, "हं." धाकटे डॉक्टर हृदयाला जोडायची पायातली शीर काढण्यात गुंतले होते. भूल देणाऱ्या मॅडम रक्ताची पिशवी लावत होत्या. मी वाट पाहिली. वाटलं, शिवण नाजूक ठिकाणी आली असेल, थांबा म्हणतायत. चोवीस मिनिटांना पुन्हा सांगितलं. "हं." अठ्ठावीसला सांगितलं. या वेळी माझा आवाज मलाच लहान ऐकू आला. एकतिसाव्या मिनिटाला चौथ्यांदा म्हटलं. "हं, हं," म्हणाले सर, कात्रीकडे हात करत. सगळ्यांनी ते "हं" ऐकलं, म्हणून सगळे निर्धास्त. सरांना माहीत आहे म्हटल्यावर आपण कोण?

चौतिसाव्या मिनिटाला त्यांनी शिवण संपवून मान वर केली आणि मला म्हणाले, "वेळ झाली का हो?"

डोस दिला. शेवटी क्लॅम्प काढला. हृदय उठलं, पण अंगात ताप असलेलं माणूस उठतं तसं. आधाराला बलूनचा पंप लावावा लागला. चार तासांचं काम आठ तासांवर गेलं.

मी नोंदीत ३४ लिहिलं. पेन २४ कडे वळत होतं, हेही लिहून ठेवते.

२१ मार्च, शुक्रवार

चष्मेवाले आज सकाळी गेले. त्यांची बायको मला जिन्यात भेटली आणि तिने माझा हात धरला. तिला वाटतं आम्ही फार प्रयत्न केले.

मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि घरापर्यंत तशीच आले. रस्ता सगळा धूसर. ह्यांनी विचारलं, "रडलीस का?" मी म्हटलं, धूळ गेली.

२४ मार्च, सोमवार

मृत्यूच्या चौकशीची बैठक झाली. लांब टेबल, सगळे समोरासमोर, मास्क नाहीत. सर नोंद वाचत होते. "चौतीस? हे कसं झालं?" माझ्याकडे बघून विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कोडं पडल्यासारखं विचारलं. त्यानेच मी जास्त घाबरले.

म्हटलं, "मी सांगितलं होतं, सर."

"सांगितलं होतं?" बराच वेळ ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मोठ्या सिस्टर टेबलावरच्या कागदाची कडा दुमडत होत्या. मग सर सावकाश म्हणाले, "ठीक आहे. हे माझ्या नावावर लिहा."

चारदा सांगितलं, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. चारदा सांगितलं म्हणजे, तुम्ही चारदा दुर्लक्ष केलं असा आरोप. एवढ्या मोठ्या माणसावर, सगळ्यांदेखत! आता वाटतं, ते मला पाठीशी घालतायत की माझा काटा काढण्याआधी गोड बोलतायत? संध्याकाळी बुवांना फोन केला.

बुवा म्हणाले, "अगं, मला तर अठ्ठावीस वर्षांत कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तू पुटपुटत असशील. घाबरलीस की तुझा आवाज मांजरीसारखा होतो."

म्हणजे दोष माझाच. ठरवलं की आता मोठ्याने बोलायचं. पण आवाज हा काही नळ नव्हे, फिरवला की मोठा झाला. छातीत धडधडायला लागलं की तो आपोआप आत जातो.

२६ मार्च, बुधवार

संकट एकटं येत नाही म्हणतात ते खोटं नाही. वन्संच्या छातीत दोन महिने दुखत होतं. त्यांनी ते पित्तावर ढकललं होतं. सुंठ-साखर खाऊन झाली, उपाशी राहून झालं, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून "काय बाई, हा जिना कुणी वाढवला?" म्हणून झालं. आज तपासणीत तीन वाहिन्या चोंदलेल्या निघाल्या. ऑपरेशन लगेच, सोमवारी. सरांकडेच.

घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर काळजी कसली!" सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी भूल देणाऱ्या मॅडमना म्हटलं, "नात्यातली केस आहे, मला नको." त्या म्हणाल्या, "मग कोण करणार, मी? मशीन चालवणारी दुसरी आहे का आपल्याकडे? आणि नवऱ्याची बहीण म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे, बाई. जरा मोठ्याने बोलत जा मात्र. मास्कमधून तुझं मलासुद्धा निम्मं कळत नाही."

३० मार्च, रविवार

वन्संना भेटून आले. एरवी ज्या बाईपुढे दूधवाला चळचळ कापतो, ती पांघरुणाच्या दशांची गाठ बोटाने सोडत बसली होती. दार लोटून घ्यायला सांगितलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"ते झोपवतात हृदयाला. ते उठतंच ना परत?"

मी म्हटलं, उठतं. वन्सं म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मी सही केली. माझ्या थोरल्या भावाने दहा डॉक्टरांची नावं काढली होती. मी म्हटलं, नको, तिथे आमची घड्याळवाली आहे."

या बाईने माझ्या भाजीला तेवीस वर्षांत कधी बरं म्हटलं नाही. आज तेवढंच म्हणाली असती तर मी एवढी घाबरले नसते.

बाहेर सर भेटले. वन्संची मुलगी त्यांच्या मागून "डॉक्टर, डॉक्टर" करत चार पावलं गेली, ते सरळ चालत राहिले. तिचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा थांबले आणि तिच्याशी पंधरा मिनिटं बोलले, इतकं छान बोलले की पोरगी हसत गेली. गर्व आहे की विसरभोळेपणा, देव जाणे.

३१ मार्च, सोमवार

दुपारचे चार वाजलेत. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून लिहितेय. आधी झालं ते लिहिते.

पहिला डोस झाला. वन्संचं हृदय दोन मिनिटांत निजलं. पडद्यावरची रेघ सरळ झाली तेव्हा मी घड्याळाची कळ दाबली. दुसऱ्या डोसच्या वेळी धाकट्या डॉक्टरांनी खूण केली, निभावलं. तिसऱ्याच्या वेळी ते दोन्ही हातांनी हृदय उचलून धरून होते आणि सर मागच्या बाजूला शिवत होते. वीस मिनिटं झाली.

"वीस मिनिटं झाली, सर."

"हं."

एकवीस. "सर, वीस मिनिटं होऊन गेली."

"हं."

बावीस. मी पुन्हा म्हटलं. माझाच आवाज मास्कमध्ये अडकून परत तोंडात आला. सरांचं शिवणकाम चालूच. सुई आत, सुई बाहेर. मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. त्या कशाला घाबरल्या होत्या ते कळलं नाही. डोळ्यांपुढे चष्मेवाल्यांची बायको आली, जिन्यात हात धरलेली. उद्या असाच हात सासूबाई धरणार.

तेवीस.

"अहो!"

हा आवाज माझा नव्हता, माझ्या स्वयंपाकघराचा होता. "अहो, लक्ष कुठंय? तेवीस मिनिटं झाली! डोस देऊ का नको?"

सगळं थांबलं. धाकट्या डॉक्टरांचे खांदे हलायला लागले, मॅडमनी तोंड भिंतीकडे केलं. सरांनी आधी सगळ्यांचे डोळे पाहिले, मग ते डोळे कुठे बघतायत ते पाहिलं आणि मान पूर्ण मागे वळवली.

"मला म्हणालात?"

"तेवीस मिनिटं झाली, सर!" मी त्याच आवाजात म्हटलं. एकदा सुटलेला आवाज आत जाईना.

त्यांचे डोळे क्षणभर मोठे झाले. मग लगेच वळले, नळी बंद केली. "द्या."

"देते. चालू." बटण दाबलं. "तीनशे मिली गेलं. बंद."

त्यानंतर दर वेळी अठराव्या मिनिटाला ते स्वतः मान वळवून माझ्याकडे बघत होते. क्लॅम्प निघाला. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. मी देवाचं नाव घेत होते की पडद्यावरचे आकडे वाचत होते, आठवत नाही. मग वन्संचं हृदय एकदा हललं, थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं ते वन्संसारखंच, तरातरा.

आता बाकावर बसून रडतेय आणि हसतेय. सर्जनला "अहो" म्हटलं मी! उद्या नोकरी राहील की नाही, कोण जाणे.

२ एप्रिल, बुधवार

वन्सं शुद्धीवर आहेत. श्वासाची नळी काढल्यावर पहिलं वाक्य, "घसा सोलवटलाय, कुणी रंधा मारला का?" म्हणजे बऱ्या आहेत.

अकरा वाजता सरांनी बोलावलं. मी राजीनाम्याचं वाक्य मनात जुळवतच गेले. त्यांनी दार लावून घेतलं, मला समोर बसवलं, आणि नेहमीसारखे तोंडाकडे बघत म्हणाले, "सोमवारी तुम्ही मला पहिल्यांदाच वेळ सांगितलीत. इतके दिवस का सांगत नव्हतात?"

मला काही समजेना. "सर, सोमवारी आधी तीनदा सांगितलं होतं."

"कधी?"

"वीसला, एकवीसला, बावीसला. तुम्ही हं म्हणालात."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला. "आणि चष्मेवाल्यांच्या वेळी?"

बैठकीत अडकलेला शब्द आज निघाला. "चारदा, सर."

सरांनी खणातून एक मास्क काढून माझ्यापुढे ठेवला. "हा लावा. तिकडे भिंतीपाशी उभ्या राहा. आणि त्या दिवशी म्हणालात तेच, तेवढ्याच आवाजात म्हणा." स्वतः खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि कानामागचे पांढरे केस.

मी म्हटलं, "वीस मिनिटं झाली, सर." थांबले. पुन्हा म्हटलं. चारही वेळा म्हटलं, तशीच थांबत, तशीच घाबरत. पाठ हलली नाही. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मला तुमची भीती वाटायची. म्हणून मी त्या दिवशी ओरडले नाही. ओरडले असते तर ते माणूस आज दुकानात बसलं असतं."

बाहेरून कुणीतरी ढकलगाडी नेली. सर खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने, अगदी समजुतीच्या आवाजात, न वळता म्हणाले,

"घाबरू नका. सुरू करा ना, मी ऐकतोय."

मी मास्क काढला. टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.